टपालपेटीतील टीपवही : हौशी निसर्गछायाचित्रकारांच्या परस्परसमीक्षेचा इतिहास

छायाचित्रणाच्या इतिहासाचे लेखन बहुधा शोधांच्या आणि थोर व्यक्तींच्या अंगाने झालेले आहे. कोणी कोणते रसायन शोधले, कोणी पहिला कॅमेरा बनविला, कोणते चित्र जगप्रसिद्ध झाले, याच्या नोंदी विपुल सापडतात. परंतु हौशी छायाचित्रकारांनी आपली चित्रे एकमेकांसमोर ठेवली, त्यांतील उणिवा परस्परांना दाखविल्या व त्या देवाणघेवाणीतून चांगल्या चित्राची कसोटी हळूहळू ठरत गेली, या प्रक्रियेकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. निसर्गछायाचित्रणाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण या शाखेचे नियम विद्यापीठांत किंवा कलाशाळांत तयार झाले नाहीत. ते हौशी मंडळींच्या बैठकांत, प्रदर्शनांत आणि टपालाने फिरणाऱ्या पेट्यांत तयार झाले. प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील या परंपरेचा आणि तिच्याशी असलेल्या मुंबईच्या संबंधाचा मागोवा घेतला आहे.

लंडनमध्ये जानेवारी १८५३ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. तिच्या सभासदांपैकी काहींनी १८५५ मध्ये ‘फोटोग्राफिक एक्स्चेंज क्लब’ सुरू केला. प्रत्येकाने आपल्या चित्राच्या प्रती इतर सभासदांना द्याव्यात आणि त्यांच्या प्रती आपल्याकडे घ्याव्यात, अशी ही साधी व्यवस्था होती. अशा देवाणघेवाणीतूनच पुढे संग्रहपुस्तके तयार झाली. अमेरिकेतही १८६१ मध्ये न्यूयॉर्क येथे याच हेतूने एक मंडळ निघाले व तेथे मुख्यतः द्विनेत्री दर्शकातून पाहावयाच्या जोडचित्रांची अदलाबदल होई. या काळातील समीक्षेचा विषय बहुतांशी रसायन हाच होता. काच कशी धुतली, चांदीचे द्रावण किती तीव्र होते, कागद पिवळा का पडला, असे प्रश्न विचारले जात. चित्रातील झाड कोणते, हा प्रश्न क्वचितच उपस्थित होई.

त्याला कारणही होते. ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काच ओली असतानाच चित्र घ्यावे आणि लगेच धुवावे लागे. उघडझाप काही सेकंदांची असे. वाऱ्याने हललेले पान जेथे धूसर उमटे, तेथे जिवंत पक्ष्याची गोष्टच नको. म्हणून वेल्समधील पेन्लरगेअरचे जमीनदार जॉन डिल्विन लेवेलिन यांनी वेगळाच मार्ग काढला. १८५६ च्या सुमारास त्यांनी पाण्याकाठी उभ्या असलेल्या बगळ्याचे चित्र घेतले. तो बगळा पेंढा भरलेला होता. त्यापूर्वी त्यांनी हरणाचेही असेच चित्र घेतले होते. लेवेलिन हे या देवाणघेवाण करणाऱ्या वर्तुळातीलच एक होते. त्या काळाच्या दृष्टीने यात फसवणूक नव्हती, कारण जिवंत बगळ्याचे चित्र कोणालाही घेता येणार नाही, हे पाहणाऱ्याला पक्के ठाऊक होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. चित्र खरे की खोटे, हा प्रश्न तंत्राने खरे चित्र शक्य केल्यानंतरच निर्माण होतो.

रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि पुढील दहा वर्षांत तयार काचा बाजारात आल्या. १८९० नंतर दूरदर्शी भिंगे मिळू लागली. १० एप्रिल १८९२ रोजी चेरी कीअर्टन यांनी लंडनच्या उत्तरेस कस्तुर जातीच्या पक्ष्याच्या घरट्याचे चित्र घेतले, आणि त्यांचे थोरले बंधू रिचर्ड यांचा पक्ष्यांच्या घरट्यांवरील ग्रंथ १८९५ मध्ये चेरी यांच्या छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला. यॉर्कशायरमधील शेतकरी कुटुंबातील या दोघा भावांनी पुढे बैलाचे कातडे लाकडी सांगाड्यावर चढवून त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह दडण्याचाही प्रयोग केला. पेंढ्याचा बगळा कॅमेऱ्यासमोर होता, तर हा पोकळ बैल कॅमेऱ्याभोवती आला. चाळीस वर्षांतील बदल यावरून चांगला कळतो. याच सुमारास, १८९५ मध्ये, रेजिनाल्ड लॉज यांनी अंड्यांवर बसलेल्या टिटवीच्या कुळातील पक्ष्याचे चित्र मिळविले व त्याबद्दल त्यांचा पदक देऊन गौरव झाला.

फिरती पेटी

या पार्श्वभूमीवर १८९९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘झूऑलॉजिकल फोटोग्राफिक क्लब’ स्थापन झाला. प्राण्यापक्ष्यांच्या छायाचित्रणासाठीच स्थापन झालेल्या जगातील सर्वांत जुन्या मंडळांत त्याची गणना होते. त्याचे कार्य मुख्यतः टपालाने चाले. सभासद दूरदूरच्या परगण्यांत विखुरलेले असत. पाणथळ प्रदेशात राहणारा डॉक्टर आणि डोंगराळ भागातील पाद्री यांनी दर आठवड्याला एकत्र बसणे शक्य नव्हते. त्यामुळे चित्रांची पेटीच एका सभासदाकडून दुसऱ्याकडे प्रवास करी. पेटी घरी आली की सभासदाने आतील चित्रे निवांत पाहावीत, सोबतच्या वहीत प्रत्येक चित्राबद्दल आपले मत लिहावे, आपले जुने चित्र काढून घ्यावे, नवे ठेवावे आणि पेटी पुढच्या पत्त्यावर रवाना करावी, असा टपाली मंडळांचा शिरस्ता होता. पूर्ण फेरी होऊन पेटी परत आली म्हणजे आपल्या जुन्या चित्राखाली इतरांनी काय लिहिले, हे वाचावयास मिळे.

या पद्धतीची बैठकीतील चर्चेशी तुलना केल्यास काही भेद ठळकपणे दिसतात. बैठकीत बोलघेवडा सभासद इतरांवर छाप पाडतो, तर वहीत प्रत्येकाला सारखीच जागा मिळते. बैठकीतील शब्द विरून जातात, वहीतील टिकतात आणि ते वाचूनच पुढचा सभासद लिहितो. म्हणजे समीक्षेचीही समीक्षा होते. शिवाय टीका करणाऱ्याचे स्वतःचे चित्रही त्याच पेटीत असते. दुसऱ्याच्या चित्रातील पार्श्वभूमी गजबजलेली आहे असे लिहिताना स्वतःची पार्श्वभूमी त्याच वाचकापुढे आहे, याचे भान सुटत नाही. न्यायाधीश आणि उमेदवार एकच असलेली ही रचना प्रदर्शनातील गुणदानाहून मुळातच भिन्न आहे. शिकण्याच्या दृष्टीने ती सरस होती, असे म्हणण्यास हरकत नाही. प्रदर्शनात मिळालेला नकार चित्र का नाकारले, ते सांगत नाही.

मात्र पेटीला एक मोठी मर्यादा होती. वहीत लिहिणाऱ्यासमोर फक्त चित्र असे. घरट्यासमोरची फांदी मोकळी दिसते आहे, ती मुळातच तशी होती, बांधून बाजूला केली होती की कापली होती, हे चित्रावरून कळत नाही. त्या काळी पक्षी निश्चितपणे सापडण्याची जागा घरटे हीच होती आणि त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पक्षिचित्रण हे प्रामुख्याने घरट्याचे चित्रण आहे. चित्र स्वच्छ यावे म्हणून घरट्यासमोरचा पाला दूर करण्याची पद्धत सार्वत्रिक होती. जाणते छायाचित्रकार फांद्या दोरीने बाजूला बांधत व काम झाल्यावर पूर्ववत सोडत. लपण एकदम न उभारता काही दिवसांत थोडे थोडे पुढे सरकवीत. सर्वच जण जाणते नव्हते. उघड्या पडलेल्या घरट्यावर ऊन येते, कावळ्याची नजर जाते, आणि अंडी थंड पडली तर पिढी वाया जाते. ‘घरटे अधिक स्पष्ट दिसावयास हवे होते’ असे वहीतील एखादे निरुपद्रवी वाक्य पुढच्या हंगामात एखाद्या पक्ष्याला महाग पडू शकत होते. धोका कधी उलट बाजूनेही येई. प्रसिद्ध पक्षिछायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांना १९३७ मध्ये घुबडाच्या हल्ल्यात एक डोळा गमवावा लागला. घरट्याजवळच्या पाहुण्याविषयी पक्ष्याचे मत काय असते, याची इतकी स्पष्ट नोंद कोणत्याही वहीत नसेल. ब्रिटनमध्ये १९६७ च्या पक्षिसंरक्षण कायद्याने दुर्मीळ पक्ष्यांना घरट्यापाशी त्रास देणे गुन्हा ठरले आणि अशा चित्रणासाठी परवानगी आवश्यक झाली.

मुंबईचा धागा

लंडनच्या संस्थेपाठोपाठ ऑक्टोबर १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली, आणि १८५५ पासून तिचे नियतकालिकही निघू लागले. सभासदांत युरोपीय अधिकाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला व हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गातून पुढे आले. या मंडळींचे विषय मुख्यत्वे वास्तू, लेणी व माणसे हे होते. निसर्ग हा स्वतंत्र विषय म्हणून त्यांच्यासमोर नव्हता.

दुसरीकडे, सप्टेंबर १८८३ मध्ये आठ निसर्गप्रेमी एकत्र आले आणि ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चा जन्म झाला. नमुने दाखविणे आणि निरीक्षणांची देवाणघेवाण करणे, हा त्यांचा उद्देश होता. येथे पेटीत छायाचित्रांऐवजी कातडी, अंडी आणि फुलपाखरे असत. परंतु हौशी माणसांनी आपले नमुने मांडून परस्परांच्या ओळखी तपासाव्यात, ही रीत तीच होती. महाराष्ट्रातील निसर्गछायाचित्रणावर कलासंस्थांपेक्षा या वैज्ञानिक परंपरेचा ठसा अधिक खोल आहे. आजही मराठी निसर्गप्रेमींच्या गटात चित्र दाखविले की पहिला प्रश्न ‘कोणता पक्षी, कुठे दिसला, केव्हा?’ असा येतो. भिंगाची चौकशी नंतर होते.

वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी तारेला पाय लागताच प्रकाश पडून चित्र घेतले जाईल, अशी योजना करून वाघांची चित्रे घेतली व ती १९२७ मध्ये ग्रंथरूपाने आली. बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घ्यावा, हा विचार भारतात रुजविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पुढे मद्रासचे एम. कृष्णन यांनी कृष्णधवल चित्रांत सौंदर्याहून नोंदीला महत्त्व दिले. १९३७ मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ आणि १९५३ मध्ये बंगळूरच्या डॉ. जी. थॉमस यांच्या पुढाकाराने छायाचित्रण मंडळांचा अखिल भारतीय महासंघ उभा राहिला. त्यातून प्रदर्शने, पदके व परीक्षकांचे गुण यांचे जाळे देशभर पसरले.

माणसाचा हात

आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत ‘निसर्ग’ या विभागाची व्याख्या हा दीर्घकाळ वादाचा विषय होता. १ जानेवारी २०१५ पासून फिआप हा आंतरराष्ट्रीय महासंघ, अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी व ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी एकच व्याख्या स्वीकारली. तिच्यानुसार चित्रातील निसर्गकथेचे मूल्य सौंदर्यापेक्षा अधिक मानावयाचे, पाळीव प्राणी, लागवडीची झाडे आणि पेंढा भरलेले प्राणी वर्ज्य समजावयाचे, आणि माणसाच्या हाताच्या खुणा टाळावयाच्या. घुबड किंवा करकोचा यांसारख्या जीवांनी मानवी वस्तीशी जुळवून घेतले असेल, तर अपवाद केला जातो. शास्त्रज्ञांनी घातलेले पट्टेही चालतात.

लेवेलिन यांचा बगळा या व्याख्येत बसत नाही, हे उघड आहे. पण भारतीय परिस्थितीत खरी अडचण ‘माणसाच्या हाता’ची आहे. निसर्ग वस्तीपासून वेगळा काढता येतो, हे गृहीतक येथे लागू पडत नाही. चिमणी घरातील तसबिरीमागे घरटे करते, घार गिरणीच्या धुराड्यावर बसते, वानर देवळाच्या शिखरावर असते. अपवादाची तरतूद असली तरी परीक्षकाला ती आठवेल याची खात्री नसल्याने हौशी मंडळी तार, खांब वा भिंत दिसणारी चित्रे पाठवीतच नाहीत, आणि त्यामुळे नोंदीतून निसर्गाचा एक मोठा भाग वगळला जातो. याउलट १९६५ पासून चालणाऱ्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २०१६ मध्ये मुंबईचे नयन खानोलकर यांना शहरी विभागाचे पारितोषिक मिळाले, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेवरील वस्तीच्या गल्लीतून जाणाऱ्या बिबट्याच्या चित्राला. तेथे भिंती हाच चित्राचा आशय होता.

त्याच स्पर्धेने सत्यासत्याचा प्रश्नही नव्याने समोर आणला. २००९ चे सर्वोच्च पारितोषिक कुंपणावरून झेपावणाऱ्या लांडग्याच्या चित्राला मिळाले होते. तो माणसाळविलेला असावा, या निष्कर्षावर येऊन जानेवारी २०१० मध्ये ते रद्द झाले. २०१७ मध्ये गौरविलेल्या एका ब्राझिलियन छायाचित्रकाराच्या चित्रातील मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचे मत तज्ज्ञांनी दिले व एप्रिल २०१८ मध्ये तेही बाद झाले. छायाचित्रकारांनी दोन्ही वेळा आरोप नाकारला. १८५६ चा बगळा आणि २०१७ चा मुंगीखाऊ यांत वस्तू म्हणून फरक नाही. फरक पाहणाऱ्याच्या विश्वासात आहे. या दोन्ही प्रकरणांत शंका प्रथम परीक्षकांनी नव्हे, तर प्राण्यांची आणि त्या प्रदेशाची जवळून माहिती असलेल्यांनी उपस्थित केली, ही गोष्ट वहीच्या परंपरेला धरूनच आहे.

आता परीक्षक कॅमेऱ्यातील मूळ फाइल मागतात. उघडझापीचा वेग, दिनांक, वेळ, चित्रात काही घातले अथवा काढले आहे का, हे सारे तीतून तपासता येते. पक्षी किती वेळ अंड्यांवरून उठून होता, हे त्या फाइलमध्ये नसते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे याचाही समावेश आहे. तरीही अनेक वर्षे प्रदर्शनांत पिलांना भरविणाऱ्या पक्ष्यांची चित्रे पदके मिळवीत राहिली. अलीकडे कित्येक भारतीय स्पर्धांनी आणि निसर्गमंडळांनी घरट्याची चित्रे स्वीकारणे बंद केले आहे. असे चित्र आले तर त्यावर गुण किंवा अभिप्राय न देता ते पाठविणाऱ्याकडे परत केले जाते.