बुटाच्या तळाचे स्क्रू

दक्षिण अटलांटिक महासागरात दक्षिण जॉर्जिया नावाचे एक बेट आहे. लांबी सुमारे १७० किलोमीटर आणि मधोमध बर्फाच्छादित डोंगरांची रांग. १९१६ साली त्याच्या एका किनाऱ्यावर देवमाशांची शिकार करणाऱ्यांची ठाणी होती. आतला प्रदेश मात्र नकाशावर कोरा होता.

त्या वर्षी अर्नेस्ट शॅकल्टन यांना तो पायी ओलांडावा लागला. त्यांचे ‘एन्ड्युरन्स’ जहाज दक्षिण ध्रुवाकडील बर्फात चिरडून २१ नोव्हेंबर १९१५ रोजी बुडाले होते. २८ माणसे कशीबशी एलिफंट बेटावर पोहोचली. तिथे २२ जणांना ठेवून शॅकल्टन पाच सोबत्यांसह एका उघड्या होडीतून मदत आणायला निघाले. हॅरी मॅकनिश या सुताराने फळकुटे आणि कॅनव्हास ठोकून त्या होडीवर आच्छादन केले होते. आठशे सागरी मैलांचा खवळलेला समुद्र कापून १० मे १९१६ रोजी होडी दक्षिण जॉर्जियाला लागली; पण निर्मनुष्य बाजूला! वस्ती डोंगरापलीकडे होती.

सहापैकी दोघांत चालण्याचे बळ उरले नव्हते. १९ मेच्या पहाटे शॅकल्टन, फ्रँक वर्स्ली आणि टॉम क्रीन निघाले. सोबत तीन दिवसांचे अन्न, एक स्टोव्ह, पन्नास फूट दोर आणि सुताराचा वाकस. तंबू नाही, अंथरूण-पांघरूण नाही. बर्फावर पाय घसरू नयेत म्हणून मॅकनिशने होडीतले स्क्रू काढून त्यांच्या बुटांच्या तळांना बसवून दिले होते.

एक खिंड चढावी तर पुढे कडा. मागे फिरावे, दुसरी खिंड धरावी. संध्याकाळी एका माथ्यावर धुक्याने गाठले. थांबले असते तर गारठून मेले असते. दोराची वेटोळी करून तिघे एकामागे एक बसले आणि अंधारात खाली घसरले. वाचले! पुढे विसाव्याला बसताच दोघांना झोप लागली. शॅकल्टन जागे राहिले. पाच मिनिटांनी त्यांना उठवून ‘अर्धा तास झोपलात’ असे सांगितले. सकाळी सात वाजता दूरवर ठाण्याचा भोंगा ऐकू आला. ३६ तासांच्या चालीनंतर, २० मेच्या दुपारी, ते स्ट्रॉमनेसला पोहोचले. एलिफंट बेटावरचे २२ जण ३० ऑगस्ट १९१६ रोजी चिलीच्या ‘येल्चो’ जहाजाने सुखरूप सोडवले.

या वाटचालीत आपल्याबरोबर आणखी कुणी चौथा चालत होता असे तिघांनाही वाटले, हे शॅकल्टन यांनी नंतर लिहिले. टी. एस. एलियट यांनी ‘द वेस्ट लँड’ या कवितेत त्याचा धागा घेतला. तो चौथा कोण? कुणी म्हणेल ईश्वर, कुणी म्हणेल थकव्याचा भास. मी त्या वादात पडत नाही. मला आठवतो तो मॅकनिश.

बर्फावर असताना त्याने एकदा नेत्याची आज्ञा मानायला नकार दिला होता. पुढे मोहिमेतल्या बहुतेकांना ध्रुवपदक मिळाले; ज्या चौघांना नाकारले गेले त्यांत तो होता. १९३० साली न्यूझीलंडमध्ये गरिबीत तो वारला.

आज त्या बेटावर जाणारे पर्यटक या वाटेचा शेवटचा टप्पा हौसेने चालतात. शॅकल्टन यांचे नाव सर्वांच्या ओठी असते. ते असावेच. पण त्या डोंगरात तिघांचे पाय ज्यामुळे टिकले ते स्क्रू कुणी बसवले होते, हेही चालता चालता आठवावे.