धर्मग्रंथांचे अपौरुषेयत्व आणि भंडाऱ्याची एक साक्ष

आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांत देवघराच्या फळीवर लाल फडक्यात बांधलेली एखादी तरी पोथी आढळते. श्रावणात ती निघते, वाचली जाते आणि पुन्हा बांधून ठेवली जाते. तिच्याविषयीचा आदर हा वाडवडिलांचा ठेवा असून त्यास धक्का लावण्याची आमची इच्छा नाही. परंतु सभेत कन्येचे शिक्षण, विधवेचा मान, पोटजातींतील सोयरीक असे विषय निघाले की, "पोथीत असे लिहिले आहे" या एका वाक्याने वादाचे तोंड बंद केले जाते. पोथीतील प्रत्येक अक्षर ईश्वराचेच असेल, तर माणसाने बोलावे तरी काय? धर्मग्रंथ ईश्वरप्रणीत की मनुष्यरचित, हा प्रश्न म्हणूनच केवळ पंडितांचा नाही. तो आपल्या लेकीसुनांचाही आहे.

आणि पंडितांचे तरी याविषयी एकमत कोठे होते? मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानले, म्हणजे ते कोणीच रचले नाहीत, ईश्वरानेही नाहीत. नैयायिकांना हे पटले नाही. त्यांनी ईश्वरास वेदांचा कर्ता ठरविले. बौद्ध व जैन यांनी दोन्ही मते अमान्य केली. लोकमान्य टिळकांसारख्या वेदाभिमानी पुरुषाने १८९३ साली 'ओरायन' लिहून नक्षत्रांच्या स्थितीवरून वेदांचा काळ मांडला. शास्त्राचे एकमत म्हणून जे आपल्यापुढे ठेवले जाते ते हे असे आहे!

तथापि आम्हांस येथे तर्कशास्त्रात शिरावयाचे नाही. या वादावर प्रकाश टाकणारी एक साक्ष आपल्या भंडाऱ्याशी जोडलेली आहे, आणि तिची ओळख आपल्यापैकी फार थोड्यांस असेल.

तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामी विदर्भात संचार करीत असता भंडाऱ्यास आले. तेथील नीळभट्ट त्यांचे अनुयायी झाले, आणि महानुभाव वाङ्मयात ते 'भांडारेकार' या गावच्या नावानेच ओळखले जातात. महानुभावांच्या श्रद्धेनुसार श्रीचक्रधर हे साक्षात परमेश्वराचा अवतार. अर्थात त्यांच्या मुखातून निघालेला शब्द हा ईश्वराचाच शब्द. यापेक्षा मोठा दावा कोणत्याही धर्मग्रंथाविषयी करता येणार नाही. आता हा शब्द ग्रंथात कसा उतरला ते पाहावे.

स्वामींनी स्वतः काहीही लिहिले नाही. ते उत्तरापंथे निघून गेल्यानंतर म्हाइंभट यांनी हे काम अंगावर घेतले. हे म्हाइंभट मूळचे आपल्या विद्वत्तेचा अभिमान बाळगणारे पंडित. त्यांनी नागदेवाचार्यांच्या आठवणी ऐकल्या. ज्यांनी स्वामींना पाहिले होते, ऐकले होते, त्यांना गाठून विचारले. अशा रीतीने रिद्धपुरास 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली. तेव्हा ज्यांना ते मुखोद्गत होते त्यांच्या स्मरणावरून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. या स्मरण करणारांत हिराइसा नावाची एक स्त्रीही होती, हे आमच्या भगिनींनी अवश्य ध्यानात घ्यावे. स्त्रीला पोथीचा अधिकार नाही असे म्हणणारांनीही घ्यावे.

एकच लीळा दोघांना वेगवेगळी आठवली तर काय करावयाचे? एखाद्या चतुर संपादकाने एक पाठ ठेवून दुसरा गुपचूप पुसला असता. महानुभावांनी तसे केले नाही. 'वासना' या संज्ञेखाली त्यांनी निराळी आठवण नोंदवून ठेवली आणि ती कोणाची तेही पुष्कळदा सांगितले. शब्द ईश्वराचा, परंतु स्मरण माणसाचे, आणि माणसाचे स्मरण चुकू शकते, ही जाणीव त्या भाविकांना होती. सातशे वर्षांपूर्वीचा हा प्रामाणिकपणा आम्हांस कोणत्याही चमत्काराहून थोर वाटतो.

केसोबासांचा 'दृष्टान्तपाठ' या बाबतीत अधिकच बोलका आहे. त्यात सूत्र व दृष्टान्त श्रीचक्रधरांचे, आणि त्यांचा अर्थ उलगडणारे दार्ष्टान्तिक केसोबासांचे. एकाच ग्रंथात देवाचे बोल कोणते व माणसाचे कोणते, याची अशी स्वच्छ वाटणी आमच्या माहितीत तरी दुसरीकडे क्वचितच आढळते. याच केसोबासांना संस्कृतात लिहिण्याची हौस होती. नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. संस्कृतात लिहिल्यास आपल्या भोळ्याभाबड्या म्हाताऱ्या वंचित होतील, हे त्यांचे कारण 'स्मृतिस्थळा'त नोंदलेले आहे. म्हणजे ईश्वराचे वचन कोणत्या भाषेत राहावे, याचा निर्णयही माणसांनी माणसांकडे पाहूनच केला.

पुढे हे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत गेले आणि शतकानुशतके मठांबाहेरच्यांस अगम्य राहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे प्रभृतींनी त्या लिपीचे कोडे उलगडले. नंतर नागपूरचे ह. ना. नेने, मागाहून शं. गो. तुळपुळे, आणि १९७८ साली वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राच्या आवृत्त्या सिद्ध केल्या. वारकऱ्यांकडेही असे उदाहरण आहेच. ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरलेले पाहून एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये तिचे शुद्धीकरण केले. पवित्र ग्रंथातही माणसाच्या हातून दोष शिरतात, हे मान्य केल्यावाचून शुद्धीकरणाला कोण बसेल?

याच्या उलट ज्या ग्रंथांत कर्त्याचा हात झाकलेला असतो, तेथे सावध राहावे. मनूच्या नावावर चालणाऱ्या स्मृतीने कोट्यवधी माणसांना जन्मावरून हीन ठरविले आणि त्यास सृष्टिकर्त्याचा आधार जोडला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे तिचे दहन झाले; तो ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण गृहस्थांनी मांडला होता. हेच बाबासाहेब १९५४ साली आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे होते. आपल्या जिल्ह्याने त्यांना निवडून दिले नाही, ही गोष्ट जिल्ह्याच्या इतिहासात लिहिलेली राहीलच. पुढे त्यांनी स्वीकारला तो बुद्धाचा धम्म, ज्याने आपल्या वचनांस ईश्वरी उगम असल्याचे कधी सांगितले नाही. त्या धम्माचा प्राचीन स्तूप आपल्याच पवनीस जगन्नाथ टेकडीखाली होता, हे १९६९-७० च्या उत्खननात दिसून आले.

आता थोडे आपल्या ज्ञातीकडे वळू. अनेक ज्ञातींनी आपली उत्पत्ती एखाद्या पुराणातून काढली आहे. कोणी ऋषीपासून, कोणी देवाच्या घामापासून. स्कंदपुराणातील म्हणून समजल्या जाणाऱ्या सह्याद्रिखंडाची छापील आवृत्ती १८७७ साली गर्सन द कुन्हा यांनी काढली तेव्हा त्यांना अनेक हस्तलिखिते ताडून पाहावी लागली, कारण ती परस्परांशी जुळत नव्हती. एका ज्ञातीची स्तुती व दुसरीची निंदा ईश्वर करील, हे आमच्या बुद्धीस तर पटत नाही. ती निंदा करणारी लेखणी कोणाची, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक वाचकास आहे. आपल्या मंडळाने पुढेमागे ज्ञातीचा इतिहास छापला, तर त्यात प्रत्येक हकीकत कोणाकडून मिळाली ते म्हाइंभटांप्रमाणे नमूद करावे, अशी आमची सूचना आहे.

ज्यांच्या घरी हस्तलिखित पोथ्या असतील त्यांनी एकवार शेवटचे पान उघडून पाहावे. बहुधा तेथे नकलकाराचे चार शब्द असतात. जसे पाहिले तसे लिहिले, चुकले असल्यास मला दोष देऊ नये, असे तो विनवितो. लिहिता लिहिता पाठ, कंबर व मान मोडून आली असेही सांगतो. आणि तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून पोथी जपावी, अशी वाचकाची प्रार्थना करतो.