ग्रेची विलापिका

कवीची थोरवी कवितांच्या संख्येवर मोजावयाची, तर टॉमस ग्रे याला इंग्रजी वाङ्मयात स्थान मिळणे कठीण. ५४ वर्षांच्या आयुष्यात त्याने प्रसिद्ध केलेले काव्य हजार ओळींचेही भरत नाही. तथापि त्याच्या एका विलापिकेने पुढील कित्येक पिढ्यांच्या काव्याला वळण लावले.

ग्रेचा जन्म १७१६ साली लंडनमध्ये झाला. बारा भावंडांत तो एकटाच वाचला. आईने दुकान चालवून त्याला ईटनच्या शाळेत शिकविले. तेथे जोडलेला जिवलग मित्र रिचर्ड वेस्ट १७४२ साली ऐन पंचविशीत निवर्तला. उदासीनता ग्रेच्या स्वभावातच होती. या वियोगाने ती अधिक गडद झाली.

स्टोक पोजेस या खेड्यात त्याने १७५० साली विलापिका पूर्ण केली. एक मासिक ती परस्पर छापणार असे कळताच, १७५१ च्या फेब्रुवारीत ती घाईने, कवीच्या नावाविना, प्रसिद्ध करावी लागली. तीत शोक आहे तो राजाचा वा सेनापतीचा नव्हे, तर गावच्या दफनभूमीत निजलेल्या नांगरधाऱ्यांचा. दारिद्र्याने त्यांचे गुण फुलू दिले नाहीत, हे दुःख कवी सांगतो. पण त्याच दारिद्र्याने त्यांना क्रौर्याचीही संधी दिली नाही, हे सांगावयास तो विसरत नाही. म्हणूनच ही करुणा भाबडी वाटत नाही.

ग्रेच्या इतर काव्यावर कठोर टीका करणाऱ्या डॉ. जॉन्सननेही या कवितेपुढे मान तुकविली. १८०० साली वर्ड्स्वर्थने वेस्टवरील ग्रेचे सुनीत कृत्रिम काव्यभाषेचा नमुना म्हणून पुढे केले. परंतु सामान्य ग्रामस्थांचे जिणे काव्यविषय करण्याची जी वाट तो स्वतः चालला, तिच्यावर ग्रेची पावले आधीच उमटली होती. १८०२ साली झुकोव्स्कीने विलापिका रशियन भाषेत आणली आणि तेथील नव्या भावकवितेचा प्रारंभ तेथूनच मानला जातो. टॉमस हार्डीने १८७४ च्या आपल्या कादंबरीचे नाव याच कवितेतून घेतले.

१७५७ साली देऊ केलेले राजकवीचे पद ग्रेने नाकारले. १७६८ साली केंब्रिजला तो अर्वाचीन इतिहासाचा प्राध्यापक झाला, पण १७७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने एकही व्याख्यान दिले नाही. मात्र इतिहासाने ज्यांची नोंद घेतली नाही, त्यांच्याविषयी बोलावयाचे ते त्याने वीस वर्षांपूर्वीच बोलून ठेवले होते.