बाप आहे, पण ‘लायक’ नाही

मी तुर्भ्याचा. सानपाड्याला गाडी बदलली की वाशी, मग खाडीपूल, की आलंच मानखुर्द. तिथल्या चिल्ड्रन्स होमचं नाव घेऊन लहानपणी आम्हाला दम द्यायचे. ते चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी 1927 सालची, 1924 चा मुंबईचा मुलांचा कायदा राबवायला काढलेली.

पण खरी गंमत त्याआधीच्या 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यात आहे. कलम 19 म्हणतं, बाप जिवंत असेल आणि कोर्टाला तो नालायक वाटत नसेल, तर दुसरा पालक नेमायचा नाही. आई? ती या ओळीत आली 2010 च्या दुरुस्तीने. 120 वर्षं लागली!

आज 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली बालकल्याण समिती आई-बापांना अपात्र ठरवून मुलाला संस्थेत ठेवू शकते. पण अमेरिकेसारखा, पालकांचे हक्क कायमचे तोडणारा वेगळा खटला आपल्याकडे नाही. मूल दत्तकासाठी मोकळं करणारं कलम 38 मुख्यतः अनाथ, टाकून दिलेल्या आणि स्वाधीन केलेल्या मुलांचं बोलतं. मग मारणाऱ्या बापाच्या मुलाचं काय?

मी शनिवारी एका संस्थेत कॉम्प्युटर शिकवायचो. तिथे दहा वर्षांचा एक मुलगा होता. बाप वर्षातून एकदा, गणपतीत यायचा. मला जाम राग यायचा त्याचा. पोरगा मात्र त्या दिवशी आंघोळ करून सकाळपासून गेटपाशी उभा असायचा.