चहाच्या खोक्यातील खर्ज

पोवाडा रंगात आला म्हणजे श्रोत्यांचे डोळे शाहिरावर खिळलेले असतात. त्याची डफावरची थाप, त्याचा फेटा, हात उंचावून टाकलेली त्याची ललकारी हे सारे वर्षानुवर्षे स्मरणात राहते. त्याच्या मागे उभा राहून तुणतुण्याची एकच तार अखंड छेडणारा आणि झील धरणारा साथीदार मात्र घरी पोहोचेपर्यंत विस्मरणात गेलेला असतो. तरीही ते तुणतुणे क्षणभर थांबले, तर शाहिराच्या पायांखालचा आधार सुटल्यासारखा वाटतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात काहीसे असेच स्थान बास या वाद्याचे आहे. त्याचा स्वर खर्जातला असतो. एका बाजूने तो ढोलाच्या ठेक्याला धरून असतो आणि दुसऱ्या बाजूने गाण्याच्या सुरावटीला. तो वाजत असताना कोणाच्या लक्षात येत नाही. बंद पडला की सर्वांच्या लक्षात येतो. इतिहास बहुधा शाहिरांचा लिहिला जातो. परंतु १९५० ते १९६० या दशकात इंग्लंडमधील हौशी पोरांनी जो वाद्यवृंदांचा खेळ मांडला, त्याची हकिगत या मागच्या रांगेतून पाहिली, तर काही निराळ्याच गोष्टी दृष्टीस पडतात.

खर्जाचा स्वर ही निसर्गतः खर्चाची बाब आहे. डबल बास या वाद्याची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. इतका खोल स्वर ऐकू जावा, यासाठी वाद्याचे पोटही तेवढेच मोठे लागते. म्हणूनच हे वाद्य माणसाच्या उंचीहून मोठे असते. ते विकत घेणे, ठेवणे आणि गावोगाव वाहून नेणे या तिन्ही गोष्टी गरिबाच्या आवाक्याबाहेरच्या. अमेरिकेतील निग्रो समाजाने यावर फार पूर्वीच तोड काढली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी लुइव्हिल आणि मेंफिस या शहरांतील वादक कपडे धुण्याचे पत्र्याचे टब उपडे घालीत. टबाच्या तळाला मधोमध दोरी बांधून तिचे दुसरे टोक एका काठीला अडकवीत आणि ती काठी टबाच्या काठावर टेकवून मागेपुढे झुकवीत. दोरी ताणली की स्वर चढे, सैल सोडली की उतरे. जमिनीत खड्डा करून त्यावर धनुष्याप्रमाणे तार ताणण्याची आफ्रिकेतील युक्ती या वाद्याची पूर्वज मानली जाते. एक पोकळ भांडे, एक तार आणि एक काठी! आपल्या तुणतुण्याशी त्याचे नाते आकाराने तरी जवळचेच म्हटले पाहिजे.

हे वाद्य इंग्लंडमध्ये घरोघर पोहोचले ते एका ध्वनिमुद्रिकेमुळे. ख्रिस बार्बर यांच्या जॅझ वाद्यवृंदात बँजो वाजविणारे लॉनी डोनेगन हे कार्यक्रमाच्या मध्यंतरात दोनतीन साथीदारांना घेऊन अमेरिकन लोकगीते गात असत. या साध्यासुध्या प्रकाराला ‘स्किफल’ असे नाव होते. १९५४ मध्ये त्यांनी ‘रॉक आयलंड लाइन’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. हे गीत १९३४ मध्ये अर्कान्सासच्या तुरुंगातील कैद्यांच्या तोंडून टिपले गेले होते. १९५६ च्या आरंभी डोनेगन यांच्या मुद्रिकेने इंग्लंडला अक्षरशः वेड लावले. या मुद्रिकेवर डबल बास वाजविला आहे तो स्वतः बार्बर यांनी, आणि बार्बर हे मुळात ट्राँबोनवादक! बास हे कोणीतरी वेळ पडली म्हणून हाती घ्यावयाचे वाद्य आहे, ही परंपरा जणू येथूनच सुरू झाली.

गिटारवरचे तीन स्वरमेळ, कपडे घासण्याची पन्हळी पाटी आणि खर्जाला काहीतरी, एवढ्या सामग्रीवर हा संगीतप्रकार उभा राहत असे. खर्जाला काय घ्यावयाचे, या प्रश्नाचे उत्तर वाण्याच्या दुकानाबाहेर पडलेले होते. आसामच्या आणि सिलोनच्या मळ्यांतून इंग्लंडात येणारा चहा पातळ प्लायवूडच्या चौकोनी खोक्यांत भरलेला असे. कडांना पत्र्याच्या पट्ट्या आणि आतून चंदेरी वर्खाचे अस्तर, असे हे खोके असे. चहावरील युद्धकालीन नियंत्रण १९५२ मध्ये उठले होते. रिकाम्या खोक्यांना तोटा नव्हता. घर बदलताना सामान भरण्याकरिता लोक ती वापरीत. हलके, कोरडे आणि आतून पोकळ असलेले हे खोके उपडे घातले, त्याला दोरी बांधली आणि कोपऱ्यावर केरसुणीचा दांडा टेकविला की बास तयार! ज्या खोक्यातून हिंदुस्थानातील मळेवाल्यांनी साहेबाच्या घरी चहा पाठविला, त्यातून साहेबाच्या पोरांनी निग्रो मजुरांचे संगीत काढावे, हा इतिहासाचा एक गमतीदार योगच होय.

हे वाद्य कोणाच्या वाट्याला येई? ज्याच्याजवळ गिटारसाठी पैसे नाहीत, किंवा ज्याला गिटार येत नाही, पण मित्रांच्या टोळीतून वगळलेही जाऊ नये, अशा मुलाच्या. या खोक्यातून नेमका स्वर क्वचितच निघे; निघे तो घुमारा. पण सभागृहाच्या गलबल्यात श्रोत्यांना स्वरापेक्षा ठेकाच अधिक जाणवतो, हे या मुलांनी अनुभवाने हेरले होते. चर्चची सभागृहे, तरुणांची मंडळे, कॉफीगृहे, लग्नसमारंभ आणि गावजत्रा या त्यांच्या रंगभूमी. बिदागी नाममात्र, कित्येकदा खाऊपिऊ घालून बोळवण. आपल्याकडे यात्रेला हौसे, नवसे आणि गवसे असे तिन्ही प्रकारचे लोक जातात असे म्हणतात. येथे जमलेले बहुतेक सारे हौसेच होते. त्यातच १९५७ मध्ये सरकारने सक्तीची लष्करी नोकरी बंद करण्याचे जाहीर केले आणि १९६० मध्ये तिची अखेरची भरती झाली. दोन वर्षांच्या कवायतीतून सुटलेल्या पिढीच्या हाती मोकळा वेळ आला.

६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलच्या वुल्टन भागात सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत ‘क्वॉरीमेन’ नावाचा शाळकरी पोरांचा असाच एक वाद्यवृंद वाजला. त्या दिवशी जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची पहिली भेट झाली, म्हणून ही तारीख जगभर ठाऊक आहे. त्या दुपारी चहाच्या खोक्यावर लेन गॅरी नावाचा मुलगा होता. पुढच्याच वर्षी क्षयजन्य मेंदुज्वराने त्याला गाठले. तो महिनोन्‌महिने रुग्णालयात पडून राहिला आणि त्याचे वाद्यवृंदातील दिवस संपले. तोवर स्किफलची लाटही ओसरू लागली होती. पाट्या स्वयंपाकघरात परत गेल्या, खोकी माळ्यावर गेली. परंतु गिटारी मागे राहिल्या, आणि नव्या रॉक संगीताच्या आवाजात टिकाव धरील अशा खर्जाची निकड भासू लागली.

तो खर्ज अमेरिकेत सिद्ध झालेला होता. सिएटलचे पॉल टटमार्क यांनी १९३० नंतरच्या दशकातच विजेवर चालणारा, पडदे असलेला बास बनविला होता. पण त्याचा फारसा प्रसार झाला नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी गिटारसारखा गळ्यात अडकविता येणारा बास बाजारात आणला. त्याला सतारीप्रमाणे पडदे असल्यामुळे स्वर नेमका लागे. म्हणूनच त्याचे नाव ‘प्रिसिजन’, अर्थात अचूक, असे ठेवले. वाद्याच्या मोठ्या पोटाचे काम आता ध्वनिवर्धकाने पत्करले. मात्र इंग्लंडमध्ये अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर १९५९ पर्यंत बंदी होती. त्यामुळे तेथील मुलांची नजर पश्चिम जर्मनीच्या होफ्नर कंपनीच्या वाद्यांकडे वळली. तीही स्वस्त नव्हती. बहुतेकांना ती हप्त्यांनीच घ्यावी लागत.

लेनन यांच्या मंडळींना वाद्यापेक्षा वादकाचीच अडचण मोठी होती. तिघे गिटारवादक होते आणि तिघांपैकी कोणालाही बास नको होता. तेव्हा लेनन यांचा कलाशाळेतील मित्र स्टुअर्ट सटक्लिफ याला गळ घालण्यात आली. तो चित्रकार होता, आणि खरोखरीच गुणी चित्रकार होता. लिव्हरपूलच्या वॉकर कलादालनातील प्रदर्शनात लागलेले त्याचे एक चित्र नुकतेच विकले गेले होते. त्या पैशाच्या बळावर १९६० च्या आरंभी त्याने होफ्नर बास घेतला. त्याला तो वाजविता येत नव्हता. बोटांना फोड येईपर्यंत तो शिकत राहिला आणि ऑगस्ट १९६० मध्ये मित्रांबरोबर हँबुर्गला गेला. तेथे रात्रीच्या रात्री वाजवावे लागे. त्या वर्षाच्या अखेरीस एकजण वयाने लहान म्हणून आणि दोघे आग लावल्याच्या आरोपावरून जर्मनीबाहेर काढले गेले. सटक्लिफ मात्र तेथेच राहिला.

लिव्हरपूलला परतलेल्या बीटल्सजवळ आता बासवादक नव्हता. ड्रमवादक पीट बेस्ट याचा जन्म १९४१ मध्ये मद्रासला झालेला. त्याच्या आईने घराच्या तळघरात १९५९ पासून ‘कॅस्बा’ नावाचा कॉफी क्लब चालविला होता. त्याला आपला जुना सोबती चॅस न्यूबी आठवला. न्यूबी तेव्हा महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकत होता आणि नाताळच्या सुटीत घरी आला होता. तो डावखुरा, हाती आलेला बास उजव्या हाताचा. तरीही डिसेंबर १९६० मध्ये त्याने चार कार्यक्रम वाजविले. त्यांतला २७ डिसेंबरचा लिदरलंड नगरभवनातील कार्यक्रम बीटल्सच्या उत्कर्षाचा आरंभ म्हणून चरित्रकार नोंदवितात. सुटी संपली. लेनन यांनी त्याला पुन्हा हँबुर्गला चलण्याचा आग्रह केला. न्यूबी नको म्हणाला आणि आपल्या वर्गात जाऊन बसला.

सटक्लिफने १९६१ मध्ये वाद्यवृंद सोडला आणि हँबुर्गच्या कलाशाळेत एदुआर्दो पाओलोझ्झी या शिल्पकाराच्या हाताखाली तो पुन्हा चित्रे काढू लागला. १० एप्रिल १९६२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने तो वारला. त्याचे वय अवघे एकवीस होते. मधल्या काळात नकोसा झालेला तो बास मॅकार्टनी यांनी पत्करला आणि त्या वाद्याला त्यांनी जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती सर्वविदित आहे.

या तिघांची गणना इतिहास सहसा दुर्दैवी लोकांत करतो. दाराशी आलेल्या लक्ष्मीला त्यांनी पाठ दाखविली, असे म्हटले जाते. परंतु हा न्याय आजचा आहे, त्या वेळचा नव्हे. १९६० च्या डिसेंबरात बीटल्स हा लिव्हरपूलमधील असंख्य वाद्यवृंदांपैकी एक होता, आणि असल्या सुपारीवर जन्म काढणे हे कोणत्याही शहाण्या मुलाच्या डोळ्यांपुढे नव्हते. गॅरीला दुखण्याने थांबविले, हे दुर्दैव खरे. पण सटक्लिफने चित्रकला निवडली आणि न्यूबीने विद्या. संगीत हा त्यांचा आनंद होता, व्यवसाय नव्हता. हौशी माणूस म्हणजे धंद्यात हरलेला माणूस, ही समजूतच मुळी चुकीची आहे. जी हजारो मुले काही वर्षे वाजवून आपापल्या कामाला लागली, त्यांनी सभागृहे जागती ठेवली, श्रोते घडविले, वाद्यांची दुकाने चालविली. त्या भूमीवाचून पुढची थोडी रोपे वर आलीच नसती.

न्यूबी यांनी पुढे काही वर्षे उद्योगक्षेत्रात काम केले आणि नंतर वूस्टरशर परगण्यातील ड्रॉइटविच येथे गणित शिकविले. उतारवयात त्यांनी पुन्हा बास हाती घेतला आणि धर्मादाय कार्यक्रमांत ते वाजवू लागले. १९९७ मध्ये जुन्या क्वॉरीमेननी पुन्हा एकत्र येऊन कार्यक्रम सुरू केले होते. त्या मंडळींत लेन गॅरी होते आणि पुढे न्यूबीही त्यांना जाऊन मिळाले. २०२३ च्या मे महिन्यात, एक्क्याऐंशीव्या वर्षी, न्यूबी यांचे निधन झाले. चार रात्रींची कीर्ती त्यांनी कधी विकावयास काढली नाही. गणिताच्या तासाला त्यांच्यासमोर बसलेल्या मुलांना ते आपले शिक्षक होते, एवढे पुरेसे होते.