एका आजारी मुलाला लिहिलेले पत्र

काही महिन्यांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षिका एक वही घेऊन आमच्याकडे आल्या. नातवंडांसाठी रचलेल्या चार गोष्टी तीत होत्या आणि पानोपानी त्यांनी स्वतः रंगवलेली चित्रे होती. दोन ठिकाणांहून नकार आला होता. आता स्वतःच्या निवृत्तिवेतनातून पुस्तक छापावे, की लोक त्याला म्हातारपणीची हौस म्हणून हसतील, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आम्ही वही चाळली आणि सवयीप्रमाणे सल्ला दिला, "बाई, प्रत्येक गोष्टीच्या शेवटी थोडा बोध जोडा." बाई काही बोलल्या नाहीत. वही पिशवीत ठेवून त्या उठल्या. त्यांचे ते मौन आम्हाला पुढे बरेच दिवस टोचत राहिले. मुलांसाठी चित्रांचे पुस्तक स्वतःच लिहावे, स्वतःच चितारावे आणि स्वतःच छापून काढावे, या खटाटोपाला मोठा इतिहास आहे. तो आम्ही सल्ला देण्याआधी आठवायला हवा होता. तो आठवला तेव्हा आमचा सल्ला किती उथळ होता हे ध्यानी आले.

या वाटेवरचे एक जुने पाऊल विल्यम ब्लेक या इंग्लिश कवीचे. १७८९ साली त्याने 'साँग्ज ऑफ इनोसन्स' हा कवितासंग्रह काढला. कविता त्याच्या, चित्रे त्याची आणि छपाईही त्याचीच. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाला दाद न देणाऱ्या द्रवाने तो अक्षरे व चित्रे एकत्रच काढी. अक्षरे अर्थातच उलटी लिहावी लागत. मग पत्रा आम्लात बुडवला की उरलेला भाग झिजून अक्षरे व रेषा उठून राहत. त्यावर शाई लावून तो पान छापी आणि पत्नी कॅथरीनच्या साहाय्याने ते हाताने रंगवी. अशा पद्धतीत प्रती निघणार किती? १७९३ साली त्याने या पुस्तकाची किंमत पाच शिलिंग जाहीर केली होती. सामान्य कुटुंबातल्या मुलाच्या हाती ते पडणे कठीणच होते. ब्लेकची थोरवी जगाला कळली ती त्याच्या मृत्यूनंतर. स्वतः सर्व काही करणाऱ्याच्या हाती पूर्ण स्वातंत्र्य असते. परंतु पुस्तक वाचकापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे त्याच्या उदाहरणावरून दिसते.

हा प्रश्न एका वेगळ्या वाटेने सोडवला तो बिॲट्रिक्स पॉटर या बाईंनी. त्यांचा जन्म १८६६ साली लंडनमधील एका सधन घरात झाला. त्या शाळेत कधी गेल्या नाहीत. घरीच शिक्षिका येत. ससे, उंदीर, साळिंदरासारखे काटे असलेले हेजहॉग हे त्यांचे सवंगडी. तासन्‌तास निरखून त्या त्यांची चित्रे काढीत. पुढे त्या भूछत्रांच्या अभ्यासाकडे वळल्या. १८९७ साली भूछत्रांचे बीजाणू कसे रुजतात यावरील त्यांचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडला गेला. परंतु स्त्रियांना त्या सभेत प्रवेश नसल्याने तो मांडला दुसऱ्याच गृहस्थांनी. विद्वानांचे दार बंदच राहिले. निरीक्षणाची ती शिस्त मात्र वाया गेली नाही. त्यांच्या सशाच्या अंगात निळे जाकीट असले, तरी जाकिटाआतला ससा खराखुरा असतो.

त्यांच्या शेवटच्या शिक्षिका ॲनी कार्टर लग्नानंतर मूर झाल्या. वयात अंतर थोडे असल्याने दोघींची मैत्री टिकली. ॲनीबाईंचा थोरला मुलगा नोएल पाच वर्षांचा असताना आजारी पडला. त्याला विरंगुळा म्हणून ४ सप्टेंबर १८९३ रोजी पॉटरबाईंनी स्कॉटलंडमधील डंकेल्ड येथून एक पत्र पाठवले. काय लिहावे हे सुचेना, म्हणून चार सशांची गोष्टच त्यांनी त्यात लिहून टाकली. ओळींच्या मधे मधे पेनाने काढलेली चित्रे. त्या चारांतला खोडकर ससा म्हणजे पीटर. आईने बजावूनही तो मॅकग्रेगर म्हाताऱ्याच्या मळ्यात शिरतो, यथेच्छ खातो, जीव मुठीत घेऊन पळतो आणि कपडे गमावून घरी परततो. दुसऱ्याच दिवशी नोएलचा धाकटा भाऊ एरिक याला मासे धरायला निघालेल्या बेडकाची गोष्ट गेली. एकाला पत्र पाठवून दुसऱ्याला विसरायचे नाही, ही घराघरातली रीत त्यांनीही पाळली.

सात वर्षे उलटली. ॲनीबाईंनीच सुचवले, की या पत्रांची पुस्तके का करू नयेत? नोएलने पत्र जपून ठेवले होते. बाईंनी ते उसने मागून उतरवून घेतले, गोष्ट वाढवली, बेचाळीस रेषाचित्रे काढली आणि हस्तलिखित प्रकाशकांकडे धाडले. किमान सहा ठिकाणांहून नकार आला. कुणाला पुस्तक मोठ्या आकाराचे हवे होते, कुणाला रंगीत. बाई मात्र आकाराबाबत हटून बसल्या. पुस्तक मुलाच्या इवल्या हातात मावले पाहिजे आणि पान उलटले की नवे चित्र दिसले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. किमतीबाबतही त्या ठाम होत्या. सहा शिलिंगांचे एक भारी पुस्तक काढण्यापेक्षा एकेका शिलिंगाची दोनतीन काढलेली बरी, कारण छोट्या सशांना सहा शिलिंग परवडत नाहीत, असे त्यांनी मूर कुटुंबातल्या एका मुलीला लिहिले होते. विनोदाच्या आडून सांगितलेला हा व्यवहार होता.

शेवटी त्यांनी स्वतःचे पैसे घातले. १६ डिसेंबर १९०१ रोजी, नाताळाच्या तोंडावर, 'पीटर रॅबिट'च्या २५० प्रती छापून हाती आल्या. रेषाचित्रे काळ्या शाईत आणि रंगीत केवळ आरंभीचे एक चित्र. काही प्रती त्यांनी आप्तस्नेह्यांना भेट दिल्या, काही एक शिलिंग दोन पेन्सला विकल्या. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉईल यांनीही आपल्या मुलांसाठी एक प्रत घेतली होती. प्रती बघता बघता संपल्या आणि फेब्रुवारी १९०२ मध्ये आणखी २०० छापाव्या लागल्या.

याच दरम्यान घडलेली एक गोष्ट आम्हा धर्मगुरूंनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कॅनन हार्डविक रॉन्स्ली हे ॲंग्लिकन धर्मगुरू पॉटर कुटुंबाचे स्नेही होते. मोठ्या मनाचा माणूस. १८९५ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या निसर्ग व वारसा जपणाऱ्या संस्थेच्या तीन संस्थापकांपैकी ते एक. मुलांसाठी नीतिपर कविताही त्यांनी लिहिल्या होत्या. पॉटरबाईंना मदत व्हावी म्हणून त्यांनी पीटरची संपूर्ण गोष्ट पद्यात बसवली आणि बाईंच्या चित्रांसह 'फ्रेडरिक वॉर्न' या प्रकाशन संस्थेकडे पाठवली. वॉर्न मंडळींनी चित्रे पसंत केली. पण साधे गद्यच बरे, असे त्यांनी कळवले. सहृदय कॅननसाहेबांची पद्ये बाजूला राहिली आणि आजारी मुलाला पत्रात लिहिलेली सरळ वाक्ये छापली गेली.

त्या गद्यात बोध नाही काय? आहे, परंतु तो शेपटासारखा जोडलेला नाही. आईचे न ऐकलेल्या पीटरला रात्री बरे वाटत नाही आणि त्याला औषधी काढा मिळतो. शहाण्या बहिणींना दूध-पाव आणि बोरे मिळतात. लेखिका एवढेच सांगून थांबते. पीटर चुकला असे ती म्हणत नाही. ते मूल स्वतःच ओळखते आणि तरीही पीटरवरच माया करते. बोध जोडला असता तर ही ओळखण्याची संधी आपण मुलाकडून काढून घेतली असती.

वॉर्न यांची एक अट मात्र बाईंनी मान्य केली: सर्व चित्रे रंगीत हवीत. आधी त्यांचा विरोध होता. रंगीत छपाई महाग, शिवाय चित्रांत रंग तरी कोणते, बहुतेक सशाचा तपकिरी आणि पानांचा हिरवा! परंतु तेव्हा तिरंगी छपाईची नवी पद्धत रुळत होती. मूळ चित्राची वेगवेगळ्या रंगकाचांतून तीन छायाचित्रे घ्यायची, त्यांवरून पिवळ्या, तांबड्या आणि निळ्या शाईचे तीन ठसे करायचे व ते एकावर एक छापायचे. या रीतीने जलरंगांची कोवळीक स्वस्तात उतरू लागली. ऑक्टोबर १९०२ मध्ये वॉर्न यांची आवृत्ती निघाली. पहिल्या ८,००० प्रती प्रकाशनापूर्वीच मागणीत संपल्या आणि वर्षअखेर २८,००० प्रती छापून झाल्या होत्या. आकार लहानच राहिला आणि किंमतही शिलिंगाच्याच घरात राहिली. बाईंनी रंगांबाबत माघार घेतली, पण मुलाच्या हाताचे माप आणि त्याच्या घरची ऐपत या दोन बाबींत घेतली नाही.

त्याच वर्षी 'जस्ट सो स्टोरीज' हे पुस्तकही निघाले. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांनी त्याची चित्रे स्वतःच काढली होती. त्या गोष्टी त्यांनी आपली कन्या जोसेफीन हिला झोपताना सांगितलेल्या. एक शब्द बदललेला तिला खपत नसे. पुस्तक निघाले तेव्हा ती हयात नव्हती. १८९९ साली न्यूमोनियाने तिचा मृत्यू झाला होता. दोन्ही पुस्तकांच्या मुळाशी सगळे बालजगत नव्हते. एक नावाचे, एक ओळखीचे मूल होते.

पॉटरबाईंच्या यशालाही ठेच लागली. अमेरिकेत पुस्तकाच्या हक्काची नोंद करण्याचे राहून गेले आणि १९०४ पासून तेथे परवानगीविना छापलेल्या आवृत्त्या विकल्या गेल्या. त्यांचा एक पैसाही बाईंना मिळाला नाही. ज्यांना स्वतः छापायचे आहे त्यांनी हा धडाही गिरवावा. तरीही वॉर्न यांच्याशी संबंध जुळल्यावर बाईंनी स्वतः छापण्याची वाट सोडली नव्हती. 'द टेलर ऑफ ग्लॉस्टर' ही नाताळाची गोष्ट प्रकाशक काटछाट करतील या शंकेने त्यांनी डिसेंबर १९०२ मध्ये स्वखर्चाने ५०० प्रतींत काढली. ती गोष्टही मूर कुटुंबातल्या फ्रेडा या मुलीसाठीच लिहिलेली होती. पुढे पुस्तकांच्या मिळकतीतून त्यांनी शेते घेतली आणि २२ डिसेंबर १९४३ रोजी त्या वारल्या तेव्हा ४,००० एकरांहून अधिक जमीन नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन झाली.

हा इतिहास आठवल्यावर आम्ही त्या शिक्षिकाबाईंच्या घरी गेलो आणि वही पुन्हा मागितली. बोधाचा सल्ला आम्ही परत घेतला. मग पुस्तक छापावे की नाही? आम्ही सांगितले, की छापावे, पण थोड्या प्रती, परवडतील तेवढ्याच. आधी त्या मुलांच्या हाती द्याव्यात आणि पुन्हा वाचून दाखवा म्हणून मुले मागे लागतात काय, ते पाहावे. "आणि नाही लागली तर?" बाईंनी विचारले. तर ज्या नातवंडांसाठी ती लिहिली, त्यांच्याजवळ तरी ती राहील, एवढेच आम्ही म्हणू शकलो. नोएलने आपले पत्र सात वर्षे जपून ठेवले होते, तेव्हा त्याचे पुस्तक होणार आहे हे त्याला कुठे ठाऊक होते?