लेगो ताजमहाल

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने २००८ मध्ये बाजारात आणलेला, ५,९२२ तुकड्यांचा बांधणी-संच (क्रमांक १०१८९). तुकड्यांच्या संख्येत तो तेव्हा लेगोचा सर्वांत मोठा संच होता. अमेरिकेत तेव्हा किंमत सुमारे ३०० डॉलर होती. उत्पादन थांबल्यावर न उघडलेल्या खोक्यांना संग्राहक मूळ किमतीच्या कित्येक पट पैसे मोजू लागले. मोहोर शाबूत असलेल्या खोक्याला सर्वाधिक भाव मिळतो. एकदा बांधलेला संच स्वस्त पडतो, ही खेळण्याच्या दृष्टीने खेदाचीच गोष्ट. २०१७ मध्ये कंपनीने जवळजवळ तोच नमुना १०२५६ या क्रमांकाने, ५,९२३ तुकड्यांत पुन्हा काढला. जुन्या संचाचे भाव घसरले. साठा करणाऱ्यांचे नुकसान झाले, पण ज्यांना घुमट आणि चार मिनार स्वतःच्या हातांनी उभारायचे होते, त्यांना ताजमहाल पुन्हा दुकानातल्या किमतीत मिळाला.